एकच ठिपका, मग दोन कशावरून? अतिथंड तपकिरी बटूंच्या जोड्यांबद्दल

प्रश्न फोंड्याहून आलाय. थोडक्यात असा: जेम्स वेब दुर्बिणीला दोन तपकिरी बटू एकमेकांभोवती फिरताना सापडले आणि त्यातला एक मे महिन्यातल्या आपल्या गच्चीइतकाच तापलेला आहे, असं वाचलं. फोटोत तर एकच ठिपका दिसतो, मग दोन कशावरून म्हणतात? हे तारे की ग्रह? आणि माझ्याकडे आठ इंची डॉबसोनियन दुर्बीण आहे, गोव्यातून असलं काही बघायला मिळेल का?

उत्तर कुठून येतंय ते आधी सांगतो. पीएच.डी.च्या काळात मी तपकिरी बटूंचे, म्हणजे तारा होता होता राहून गेलेल्या गोळ्यांचे, अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपट घ्यायचो. हॅनलेची दोन मीटरची दुर्बीण लडाखमध्ये साडेचार हजार मीटर उंचीवर, आणि आम्ही ती चालवायचो बंगळूरजवळच्या होसकोट्यातून. आता गोव्यात कॉलेजात शिकवतो आणि जमेल तेव्हा गच्चीवरून दहा इंची दुर्बिणीने जोडताऱ्यांची मापं घेतो. जोड्या मोजणं हा माझा रोजचा धंदा आहे, तेवढ्याच अधिकाराने बोलतोय.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण तिघांच्या बुडाशी एकच आहे. एवढ्या मंद, एवढ्या थंड वस्तूंची *जोडी* सापडली की लोक इतके का हरखतात? एकटा थंड बटू सापडला तरी बातमी होतेच की. उत्तर असं की एकट्याचं वजन करता येत नाही, जोडीचं येतं. आणि वजन कळल्याशिवाय तो बटू नक्की काय आहे, हे सांगायला आपल्याकडे काहीच नसतं.

हे जरा उलगडून सांगतो. लहानपणी आमच्या वाड्यावर पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी होती. तो रात्री उशिरा आत लाकडं पेटवायचा, भट्टी नीट तापली की निखारे ओढून बाहेर काढायचा, आणि मग नुसत्या भिंतींच्या धगीवर उंडे, पोई, कांकणं भाजायचा. आत आग नाही, तरी पाव भाजला जातोय, याचं मला तेव्हा फार नवल वाटायचं. पहाटे सायकलचा भोंपू वाजवत तो विकायला निघाला की आम्ही पोरं भट्टीच्या तोंडाशी हात धरून बसायचो. वरच्या वाड्यावर दुसरी भट्टी होती, आमच्यापेक्षा दुप्पट मोठी. आता समजा, डोळे बांधून कुणी तुमचा हात एका भट्टीच्या तोंडाशी नेला. कोमट धग लागली. ही लहान भट्टी आहे आणि निखारे तासाभरापूर्वी काढलेत? की मोठी आहे आणि मध्यरात्रीपासून निवत बसलीय? हाताला दोन्ही सारखंच लागतं. सांगता येत नाही.

तपकिरी बटूंचा सगळा घोळ हाच आहे. ताऱ्यासारखाच वायूच्या ढगातून आकसून तयार झालेला, पण वस्तुमान गुरूच्या साधारण ७५ ते ८० पटीहून कमी पडल्यामुळे गाभ्यात हायड्रोजनचं ज्वलन टिकवून धरू न शकलेला गोळा. जन्माच्या वेळी आकसताना जी उष्णता मिळाली ती घेऊन पुढे आयुष्यभर निवत जायचं, एवढंच त्याचं काम. (गुरूच्या १३ पटीच्या वर असेल तर थोडा ड्युटेरियम जळतो, पण ते चार दिवसांचं कौतुक.) म्हणून वयाबरोबर तापमान उतरत जातं, आणि नुसतं तापमान मोजून तो हलका-तरुण आहे की जड-म्हातारा, हे कळत नाही. आकारानेही काही मदत होत नाही, कारण वस्तुमान काहीही असलं तरी हे सगळे साधारण गुरूएवढेच असतात. भट्ट्या बाहेरून सारख्याच दिसतात म्हणा ना.

ही कल्पना नवी नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच शिव कुमार या भारतीय वंशाच्या खगोलशास्त्रज्ञांनी हिशेब मांडून असे न पेटलेले तारे असले पाहिजेत असं दाखवलं होतं. ते त्यांना 'काळे बटू' म्हणत. 'तपकिरी' हे नाव १९७५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जिल टार्टर यांनी दिलं. तपकिरी रंगाशी त्याचा फारसा संबंध नाही. डोळ्याला हे दिसलेच तर जांभळट लाल दिसतील. पण नाव चिकटलं ते चिकटलं. प्रत्यक्ष शोध लागायला १९९५ उजाडलं, त्याकडे पुढे येतो, कारण त्या पहिल्यावहिल्या बटूनेच आपल्याला सगळ्यात जास्त काळ फसवलं.

थंड म्हणजे किती थंड, हे एकदा बघून घेऊ. तापमानानुसार यांचे एल, टी आणि वाय असे वर्ग पडतात. एल गटातले हजार-दोन हजार अंशांचे. टी गटात वातावरणात मिथेन दिसू लागतो. वाय गट सगळ्यात थंड, आणि त्यातले पहिले बटू २०११ मध्ये वाईज या अवरक्त उपग्रहाच्या निरीक्षणांतून जाहीर झाले. तुम्ही वाचलेली जोडी या वाय गटातली. तिचं नाव वाईज ०३३६ असं आकड्यांचं आहे, अंतर सुमारे ३३ प्रकाशवर्षं, आणि २०२३ मध्ये ती जोडी असल्याचं जाहीर झालं. मोठ्याचं तापमान सुमारे १४० अंश सेल्सिअस, म्हणजे मध्यम तापलेली इस्त्री. धाकट्याचं सुमारे ५० अंश. गच्चीची उपमा चुकीची नाही. दुपारी दोनला अनवाणी गच्चीवर गेलेल्याला ते तापमान तळपायाने माहीत असतं. फक्त लक्षात ठेवा की हे वरच्या थराचं तापमान आहे. आत हजारो अंश असतात, आणि पाय ठेवायला जमीनच नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. ठिपका एक, मग दोन कशावरून?

या दोघांमधलं आकाशातलं अंतर ०.०८४ आर्कसेकंद आहे. आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग. हा कोन केवढा, तर पणजीत उभं राहून काणकोणात कुणीतरी शेजारी शेजारी धरलेल्या दोन मेणबत्त्या बघायच्या, ज्यांच्यात जेमतेम एका नाण्याएवढं अंतर आहे. हवाई अंतर साठेक किलोमीटर धरलंय. जेम्स वेबचा आरसा साडेसहा मीटरचा, आणि ज्या ४.८ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात हे थंड बटू सगळ्यात ठळक दिसतात त्यात तिची सुटं बघायची मर्यादा साधारण ०.१५ आर्कसेकंद. म्हणजे दोघं एकमेकांत मिसळलेलेच दिसणार. तुम्हाला फोटोत एक ठिपका दिसला, त्यात तुमच्या डोळ्यांचा दोष नाही.

पण दुर्बिणीत ताऱ्याचं चित्र कधीच निव्वळ बिंदू नसतं. प्रत्येक दुर्बिणीची ठिपका पसरवायची स्वतःची एक ठेवण असते. जेम्स वेबच्या फोटोतल्या सहा टोकांच्या चांदण्या तुम्ही पाहिल्या असतीलच, ती तिची ठेवण. एकट्या ताऱ्याचा ठसा कसा उमटतो हे आधी इतर ताऱ्यांवरून बारकाईने मोजून ठेवायचं. मग संशयित ठिपक्यातून तो ठसा वजा करायचा. ठिपका खरोखर एकट्याचा असेल तर मागे नुसता खरखराट उरतो. दोघांचा असेल तर एका बाजूला उजेड शिल्लक राहतो आणि दुसऱ्या बाजूला खड्डा पडतो. मग एकाऐवजी दोन ठसे घेऊन, त्यांची जागा आणि उजेड बदलत बदलत, शिल्लक सपाट होईपर्यंत जुळवत जायचं. वाईज ०३३६ असाच दोन झाला.

मी स्वतः हे काम जोडताऱ्यांवर करतो, म्हणून सांगतो, एवढ्यावर माझा कधीच विश्वास बसत नाही. एका फिल्टरमध्ये शिल्लक उजेड दिसला तर तो आरशाचा खोडसाळपणाही असू शकतो. इथे दोन वेगळ्या फिल्टरमध्ये तोच सोबती त्याच जागी सापडला, ही पहिली खूण. दुसरी खूण मला जास्त पटली. १.५ मायक्रॉनच्या प्रकाशात सोबती मोठ्यापेक्षा सुमारे १३ पट मंद आहे, तर ४.८ मायक्रॉनमध्ये फक्त ५ पट. लांब तरंगलांबीकडे जाताना फरक घटतो, याचाच अर्थ सोबती आणखी थंड आहे. इतका लाल, इतका थंड परका तारा नेमका त्याच जागी पाठीमागे येऊन उभा राहणं म्हणजे लॉटरीच.

परका तारा म्हटलं म्हणून माझीच एक फजिती सांगतो. होसकोट्यात रात्री तीनच्या सुमाराला, थर्मासातला तळाचा चहा ओतत असताना, पडद्यावर एका टी गटातल्या बटूच्या शेजारी अडीच आर्कसेकंदांवर मला एक पुसटसा डाग दिसला. आदल्या रात्रीच्या चित्रातही तो होता. मी झोपायलाही गेलो नाही. सकाळी माझ्या मार्गदर्शकांना लांबलचक मेल पाठवली, त्यात जोडीचं संभाव्य वजनसुद्धा काढून टाकलं होतं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: वर्षभर थांब. वर्षाने तोच भाग पुन्हा घेतला तेव्हा बटू आपल्या वाटेने सरकला होता आणि डाग होता तिथेच. तो कुठलातरी लांबचा तारा, बिचाऱ्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता. जवळच्या बटूंची आकाशातली सरक ठळक असते. सोबती खरा असेल तर दोघं मिळून सरकतात, बनावट असेल तर मागे राहतो. तेव्हापासून दुसऱ्या वेळचं निरीक्षण हाती असल्याशिवाय मी 'जोडी' हा शब्द तोंडातून काढत नाही.

आता वजन कसं होतं ते बघू. इथे फुगडी आठवा. एक अंगाने भरलेली आणि एक किडकिडीत अशा दोन पोरी हात धरून गरगरल्या तर भरलेली जवळजवळ जागच्या जागी फिरते आणि किडकिडीत लांबून भिरभिरते. कोण किती लांबून फिरतेय हे मागच्या खांबांच्या, भिंतींच्या संदर्भाने मोजलं तर दोघींच्या वजनांचं गुणोत्तर कळतं. बटूंच्या बाबतीत खांबांचं काम मागचे तारे करतात. एकूण वजनासाठी केप्लरचा तिसरा नियम. अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत घ्यायचं, काळ वर्षांत, आणि अंतराच्या घनाला काळाच्या वर्गाने भागायचं. उत्तर सूर्याच्या पटीत.

हे लूमन १६ या जोडीवर करून दाखवतो. खगोलशास्त्रज्ञ केव्हिन लूमन यांनी ती २०१३ मध्ये वाईजच्याच निरीक्षणांतून शोधली. फक्त साडेसहा प्रकाशवर्षांवर. आल्फा सेंटॉरी आणि बर्नार्डचा तारा सोडला तर आपला सगळ्यात जवळचा शेजार, आणि २०१३ पर्यंत कुणाच्या लक्षातच आला नव्हता! दोघांमधलं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे साडेतीन पट, फेरी सुमारे २७ वर्षांची. साडेतीनचा घन ४३, सत्तावीसचा वर्ग ७२९. भागाकार ०.०५९. सूर्य म्हणजे १०४७ गुरू, तेव्हा हे झालं ६२ गुरूंइतकं. नीट केलेल्या मोजणीत एक गुरूच्या सुमारे ३५ पट आणि दुसरा सुमारे २९ पट येतो, बेरीज ६४. बोटांवरच्या हिशेबाला आणखी काय हवं? दोघंही ८०च्या बरेच खाली, म्हणजे निःसंशय तपकिरी बटू. तर्क नाही, मॉडेल नाही, थेट वजन.

आता हाच हिशेब तुमच्या वाईज ०३३६ला लावायला जाल आणि इथेच फसाल. बातम्यांत 'दर सात वर्षांनी एक फेरी' असं वाचलं असेल. दोघांमधलं अंतर साधारण पृथ्वी-सूर्याएवढंच, म्हणून १ भागिले ४९, म्हणजे सुमारे २१ गुरू, असं उत्तर येईल आणि आपण वजन केलं असं वाटेल. पण ते सात वर्षं कुणी मोजलेलेच नाहीत! निवण्याच्या मॉडेलवरून वस्तुमान धरलं, आणि त्यावरून काळ काढला. तुम्ही त्याच काळावरून वस्तुमान काढलंत तर टाकलेलेच पैसे परत मोजताय. शिवाय जे अंतर दिसतं ते आकाशावर पडलेली सावली आहे. कक्षा आपल्याकडे कशी कललीय त्यावर खरं अंतर अवलंबून. आणि वयाबद्दल फक्त १०० ते ५०० कोटी वर्षं एवढाच अंदाज धरलेला. म्हणूनच मोठ्याचं वस्तुमान गुरूच्या साडेसात ते २० पट आणि धाकट्याचं ४ ते साडेबारा पट, असं ऐसपैस दिलंय. ती लेखकांची टाळाटाळ नाही, प्रामाणिकपणा आहे. पोदेराच्या भट्टीची गोष्ट पुन्हा तीच. फेरीचा पुरेसा तुकडा प्रत्यक्ष मोजून झाला की हा पट्टा आवळला जाईल. सात वर्षं म्हणजे माणसाच्या नोकरीत बसणारा काळ, त्यामुळेच ही जोडी मोलाची. इतर अनेक जोडताऱ्यांना शतकं लागतात, आणि आपण त्यांच्या कक्षेचा एक कोपरा मोजून पुढच्या पिढीच्या हाती कागद देतो.

जोडीचा आणखी एक फायदा आहे, तो बातम्यांत फारसा येत नाही. दोघं एकाच वेळी जन्मलेले असतात. दोन्ही भट्ट्यांतले निखारे एकाच घटकेला ओढले, हे आपल्याला पक्कं माहीत. मग त्यातली एक १४० अंशांवर आणि दुसरी ५० अंशांवर का, याचं उत्तर फक्त वजनातल्या फरकातून आलं पाहिजे. मॉडेलला पळवाट उरत नाही. लूमन १६ मध्ये तर गंमतच आहे. थोडा थंड असलेला धाकटा बटू अवरक्ताच्या काही भागात थोरल्यापेक्षा *जास्त* उजळ दिसतो. कारण ढग. तिथले ढग पाण्याचे नाहीत, खनिजांचे आणि लोखंडाचे, आणि या तापमानाच्या सुमाराला ते फाटून खाली बसू लागतात. आपल्याकडे सप्टेंबरात पावसाचे ढग फाटतात आणि मधूनच चटका बसतो ना, तसं. २०१४ मध्ये त्याच धाकट्याच्या ढगांचा ढोबळ नकाशासुद्धा काढला गेला. साडेसहा प्रकाशवर्षांवरच्या हवामानाचा नकाशा! मला विचाराल तर या सगळ्या क्षेत्रातलं ते माझं सगळ्यात लाडकं चित्र आहे, दिसायला अगदीच धूसर असलं तरी.

आणि आता १९९५चा तो फसवा. ग्लीझ २२९ नावाचा एक मंद लाल तारा शशक तारकासमूहात आहे, १९ प्रकाशवर्षांवर. त्याच्या शेजारचा ग्लीझ २२९ ब हा वर्णपटात मिथेन दाखवणारा पहिला निर्विवाद तपकिरी बटू. पाठ्यपुस्तकांत सगळीकडे त्याचंच चित्र. पुढे थोरल्या ताऱ्याच्या डुलण्यावरून त्याचं वजन झालं ते गुरूच्या ७१ पट. आणि पंचाईत झाली. ७१ पट वजनाची भट्टी इतकी निवायला विश्वाचं वयसुद्धा अपुरं पडावं, इतका तो मंद होता. मॉडेल चुकलं की काटा चुकला, यावर काही वर्षं काथ्याकूट चालला. कुणीतरी म्हणत होतं, कदाचित ते दोन असतील. २०२४ मध्ये चिलीतल्या व्हीएलटीच्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणणाऱ्या ग्रॅव्हिटी या उपकरणाने निकाल लावला. होतेच दोन. एक गुरूच्या ३८ पट, दुसरा ३४ पट, आणि दोघं १२ दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात. मधलं अंतर पृथ्वी-चंद्र अंतराच्या सोळा पट फक्त. म्हणजे वजन दोघांचं एकत्र केलेलं आणि उजेडाचा हिशेब एकट्याच्या नावावर मांडलेला. तब्बल २९ वर्षं आपण सगळे त्याला एकवचनात हाक मारत होतो.

तुमचा पहिला प्रश्न म्हणूनच मला आवडला. 'ठिपका एक, मग दोन कशावरून' या प्रश्नाला इथे उलटं उत्तर मिळालं. ठिपका फुटला तो नंतर, आधी काट्याने सांगितलं की इथे कुणीतरी जास्त आहे.

तारा की ग्रह? हे कशावरून ठरवता त्यावर आहे. वस्तुमानावरून ठरवायचं तर गुरूच्या १३ पटीची रेघ आहे, आणि वाईज ०३३६चा धाकटा बहुतेक तिच्या खालीच पडेल, म्हणजे नावापुरता ग्रह. जन्मावरून ठरवायचं तर चित्र वेगळं दिसतं. आपल्या गुरूचं वस्तुमान सूर्याच्या हजारात एक. या जोडीत धाकटा थोरल्याच्या सुमारे साठ टक्के आहे. ताऱ्याभोवतीच्या तबकडीतून ग्रह तयार होतो तेव्हा असली बरोबरी जमत नाही. ही भावंडं आहेत, एकाच ढगाचे दोन तुकडे. माझं मत विचाराल तर त्यांना तपकिरी बटूंची जोडीच म्हणावं आणि रेघेचा वाद कारकुनांवर सोडावा. पण ढग फुटून किती लहान तुकडा स्वतंत्र गोळा म्हणून टिकू शकतो, हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि असल्या हलक्या जोड्याच त्याचं उत्तर देतील. त्या दुर्मीळही आहेत. सूर्यासारख्या ताऱ्यांत जवळजवळ निम्म्यांना जोडीदार असतो. तपकिरी बटूंत दहा-वीस टक्क्यांना, आणि सगळ्यात थंड गटात त्याहूनही कमी. शिवाय असतात ते अगदी एकमेकांना बिलगून, कारण वजन कमी म्हणजे पकड कमी. लांबच्या जोड्या वाटेतल्या धक्क्याबुक्क्यांत सुटून जातात.

आता फोंड्यातून काय दिसेल ते सांगतो. वाईज ०३३६ विसरा. गोव्यातून काय, पृथ्वीवरून कुठूनही डोळ्याने नाही. पण दुसऱ्या तीन जोड्यांबाबत बरंच काही करता येतं.

सगळ्यात सोपं आधी. जानेवारी-फेब्रुवारीच्या संध्याकाळी व्याधाकडे तोंड करून उभे राहा आणि त्याच्या उजवीकडे थोडं खाली, शशकाच्या दिशेने सरका. ग्लीझ २२९ हा आठव्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद) तारा तुमच्या आठ इंचीत सहज दिसतो, बऱ्या द्विनेत्री दुर्बिणीतूनही दिसेल. जागा मोबाइलवरच्या नकाशात नावाने शोधून घ्या, नाहीतर त्या गर्दीत कुठलाही तारा तोच वाटतो. बटू दिसणार नाहीत, पण ज्याच्या डुलण्याने त्यांचं वजन झालं तो तारा तरी डोळ्याखाली येईल. दुसरा एप्सिलॉन इंडाय हा तारा, आपल्यापासून १२ प्रकाशवर्षांवर. ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आसपास, रात्री नवाच्या सुमाराला दक्षिण क्षितिजापासून जेमतेम १७-१८ अंशांवर येतो. पाचव्या प्रतीला टेकलेला, अंधाऱ्या जागी नुसत्या डोळ्याने दिसण्याइतपत. त्याच्याभोवती खूप लांबवर टी गटातल्या बटूंची एक जोडी फिरते. फोंड्यात दक्षिणेला डोंगर आणि दिवे दोन्ही, त्यामुळे यासाठी काणकोणच्या बाजूला गाडी काढा. परतीचा पाऊस आटोपला असेल अशी आशा ठेवून.

तिसरं काम खरं मजेचं आहे, पण त्याला कॅमेरा आणि मागोवा घेणारं माउंट लागेल, डॉबसोनियनने भागणार नाही. लूमन १६ वेला तारकासमूहात आहे. शिगमो उरकला की एप्रिलच्या सुरुवातीला रात्री दहाच्या सुमाराला तो आपल्याकडे दक्षिणेला सर्वात वर येतो, तेही २१ अंशांवरच. त्रिशंकूच्या उजवीकडे, थोडा वर. दृश्य प्रकाशात तो फारच मंद, पण लालच्या पलीकडे, जिथे डोळा आंधळा पण कॅमेऱ्याची चिप अजून थोडं बघू शकते, तिथे तो पंधराव्या प्रतीच्या आसपास आहे. रंगीत नव्हे, कृष्णधवल खगोल कॅमेरा घ्या आणि पुढे इन्फ्रारेड पास फिल्टर लावा. तीस-तीस सेकंदांची शंभरेक चित्रं एकावर एक रचा. माझ्या दहा इंचीत तो असा सापडला. नकाशाशी दोनदा ताडून पाहिल्याशिवाय ओळखू आला नाही, इतका साधा ठिपका. दोघं सुटे दिसले नाहीत. तुमच्या आठ इंचीची सुटं दाखवायची मर्यादा तात्त्विक हिशेबाने ०.६ आर्कसेकंदाच्या आसपास, पण २१ अंशांवरच्या आपल्या दमट हवेत दोन मिळाले तरी देव पावला. जोडी फोडायच्या नादाला लागू नका.

मग करायचं काय? तो दरवर्षी सुमारे २.८ आर्कसेकंद सरकतो. माझ्या कॅमेऱ्यात ते वर्षाला चार-साडेचार पिक्सेल होतात. म्हणजे यंदाच्या एप्रिलात एक चित्र, पुढच्या एप्रिलात त्याच जागेचं दुसरं, आणि दोन्ही एकाआड एक दाखवली की सगळे तारे जागच्या जागी आणि एकच ठिपका उडी मारतो. होसकोट्यात ज्या परीक्षेत मी नापास झालो, तीच. गोव्याच्या गच्चीवरून, भाड्याने घेतलेल्या माउंटवरसुद्धा होण्यासारखी.

एक शेवटचं, कारण तुम्ही दुर्बीण नवी घेतलीय असं दिसतंय. जूनमध्ये ती कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवू नका. गोव्यात दुर्बिणीचा शत्रू ढग नाही, बुरशी. नळीची दोन्ही तोंडं बंद करून आत सिलिका जेलच्या पिशव्या टाका, पंधरा दिवसांनी त्या तव्यावर कोरड्या करून परत टाका, आणि आयपीस (डोळा लावायची भिंगं) वेगळ्या घट्ट डब्यात ठेवा. माझ्या पहिल्या आयपीसमध्ये एका पावसाळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी उगवली होती. ती अजून ड्रॉवरमध्ये आहे, मुलांना दाखवायला. ऑक्टोबरात एप्सिलॉन इंडाय सापडला तर इथेच खाली लिहा, किती वाजता आणि कुठून दिसला तेही. दक्षिण क्षितिज मोकळं असलेली जागा मीसुद्धा शोधतोय.